चार चौकोनांचा कागद

"सर, एक सही पायजे होती."

जोतिराम सुतार इतिहास विभागाच्या दारात उभा होता. फुटबॉलचे बूट त्याने नाड्यांनी एकमेकांना बांधून खांद्यावर टाकले होते आणि तो अनवाणी होता. आमच्या विभागाच्या फरशीचा एवढा मान त्या महाविद्यालयात दुसऱ्या कुणी राखल्याचे मला आठवत नाही. त्याच्या हातात एक कागद होता आणि त्या कागदावर चार चौकोन होते: जिमखाना, प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालय. या विद्यार्थ्याकडे आमचे काही राहिलेले नाही, अशी सही चारही ठिकाणी पडली की महाविद्यालय त्याचा मूळ शाळा सोडल्याचा दाखला परत देई. तोपर्यंत तो दाखला कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, इतर दोन हजार दाखल्यांच्या सहवासात, ओलीस असे.

"दाखला कशाला हवा?" मी विचारले.

"गोव्याला चाललोय, सर."

"सहलीला दाखला लागत नाही."

"सहल न्हाई, सर. क्लबानं घेतलंय. त्यांच्या एकोणीसच्या आतल्या टीममध्ये. दोन वर्षं तिथंच ऱ्हायचं, तिथंच खायचं, खेळायचं." त्याने हे इतक्या हळू सांगितले, की जणू गुन्ह्याची कबुलीच देत होता. "सोमवारी धाच्या आत मूळ दाखला घेऊन हजर व्हायला सांगितलंय. वय बघत्यात. झेरॉक्स चालत न्हाई."

तो बुधवार होता. ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली.

मी त्या वेळी जिमखाना समितीचा अध्यक्ष होतो. आयुष्यात मी कुठल्याही चेंडूला स्वेच्छेने स्पर्श केलेला नाही. ज्या बैठकीत अध्यक्ष निवडला गेला तिला मी गैरहजर होतो, एवढीच माझी पात्रता. तेव्हा पहिला चौकोन माझा होता. खिशात पेन होते. सही करायला मला तीन सेकंद लागले असते.

"बस," मी म्हणालो.

या एका शब्दासाठी मला शिक्षा व्हायला हवी होती. झाली नाही. आमच्या व्यवसायात ती होत नाही.

जोतिराम प्रथम वर्षाला होता. कोल्हापुरात ज्या पेठेत तो राहत असे, तिथे मूल चालायला लागायच्या आत त्याचा तालीम संघ ठरलेला असतो. तालीम म्हणजे नावापुरता कुस्तीचा आखाडा. आतल्या मातीवर कुणी उतरो न उतरो, बाहेरच्या कट्ट्यावर बसून फुटबॉलच्या संघाची चिंता सारी पेठ करते. जोतिराम त्या संघाच्या मधल्या फळीत खेळे. ज्यांना कळत होते ते म्हणत, की चेंडू त्याच्याकडे येण्याआधीच त्याला पुढची जागा दिसलेली असते. मला ते कळत नव्हते. मला कळत होते ते एवढेच, की शंभर उत्तरपत्रिकांत एक वाक्य असे सापडले होते जे कुठल्याही गाइडात नव्हते. त्याने लिहिले होते: 'राजाने तालमी पैलवानांसाठी बांधल्या हे खरे, पण जे पैलवान नव्हते त्यांना बसायला जागा मिळाली, हे जास्त खरे.'

त्या वाक्याखाली मी लाल शाईने दोन रेघा ओढल्या होत्या. तेव्हापासून तो मुलगा माझा होता, असे मी समजत होतो.

"संध्याकाळी घरी ये," मी त्याला सांगितले. "वडिलांना घेऊन. हा सहीचा प्रश्न नाही, आयुष्याचा आहे."

"व्हय, सर," तो म्हणाला. आयुष्याचा प्रश्न आहे हे त्याला ठाऊकच होते. तो सही मागायला आला होता.

संध्याकाळी दोघे आले. ज्ञानदेव सुतार हातांवरचा भुसा धुऊन, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते आणि खुर्ची पुढे केली तरी तिच्या कडेवरच टेकले. सुताराने खुर्चीवर असे बसावे याचा अर्थ एकच: ती कशी बनवली आहे हे त्यांनी पाहून घेतले होते. वसुधाने, म्हणजे माझ्या पत्नीने, चहा आणला. मी माझा कप टेबलावर नेहमीच्या जागी ठेवला आणि बोलायला आरंभ केला.

मी फार चांगले बोललो. हे मी अभिमानाने सांगत नाही. पंचनाम्यात नोंद करावी तसे सांगतो. मी शरीर आणि बुद्धी यांच्यातल्या जुन्या वादापासून सुरुवात केली. दोन ग्रीक, एक रोमन आणि एक जर्मन अशा चौघांना मी साक्षीला बोलावले आणि चौघांनीही माझ्या बाजूने साक्ष दिली. मृतांचे हे एक सुख असते. मग मी आकडेवारीकडे वळलो. "अशा शंभर मुलांपैकी तिघांचे काहीतरी होते," मी म्हणालो. हा आकडा मी त्या क्षणी तयार केला होता. ज्ञानदेवांनी मान डोलावली.

"उरलेले सत्त्याण्णव कुठे जातात, सुतार?"

"कुठं जात्यात, सर?"

"तेच तर! कुणालाच माहीत नाही."

"अगं आई गं," ज्ञानदेव म्हणाले, आणि मुलाकडे असे पाहिले की जणू तो त्या सत्त्याण्णवांतून उठूनच इथे आला होता.

जोतिरामची नजर माझ्या टेबलावर खिळली होती. तिथे माझ्या नव्या निबंधाचे हस्तलिखित पसरलेले होते, विषय करवीरच्या तालमी आणि नागरी जीवन. ज्ञानाच्या त्या पसाऱ्याकडे मुलगा भारावून पाहतो आहे, असे मला वाटले. मी आवाज थोडा मऊ केला.

"तुला काय वाटते, जोतिराम? मोकळेपणाने बोल."

त्याने टेबलावरून नजर काढायला क्षणभर उशीर केला. "सर, बीए मला बावीस वर्षांचा झाल्यावर करता येईल. तिसाव्यालाबी येईल."

"मग?"

"एकोणीसच्या आतला परत कसा होणार?"

हा प्रश्न त्या चौघांपैकी कुणीही विचारला नव्हता. विचारला असता तर मी त्यांना साक्षीला बोलावले नसते.

"गप रे," ज्ञानदेव म्हणाले. "सरांनी वाचलंय किती, बगतोस न्हवं? सर म्हणतील ते." मग माझ्याकडे वळून, "सर, ह्याची आई म्हणती जाऊ दे. तालमीतली माणसं म्हणत्यात पेठेचा खेळाडू बाहेर जाऊ नये. मी रंधा मारणारा माणूस. मला दोन्ही बाजू सारख्याच दिसत्यात. तुम्ही सांगा, तसं करतो."

इथे मी उदार झालो. आयुष्यात मी जितक्या वेळा उदार झालो आहे, तितक्या वेळा कुणाचे तरी नुकसान झाले आहे. मी कागद पुढे ओढला, जिमखान्याच्या चौकोनात वळणदार सही केली आणि म्हणालो, "मी माझे मत सांगितले. पण मी कुणाला अडवणारा नाही. निर्णय तुझा."

जोतिरामने कागद घेतला, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि पुन्हा एकदा टेबलाकडे पाहून निघून गेला. वसुधा कप उचलताना म्हणाली, "तुमचं व्याख्यान छान झालं. पोराला दोन बिस्किटं तरी खाऊ द्यायची होती."

गुरुवारी दुपारी तो परत आला. प्रयोगशाळेची सही झाली होती. कलाशाखेच्या मुलाने प्रयोगशाळेत काय फोडले असणार?

"सर, ग्रंथालयात अडकलंय."

"काय अडकले?"

"माझ्या कार्डावर एक पुस्तक हाय."

"कोणते?"

तो काही क्षण माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तालमींचा अहवाल, सर. संस्थानच्या वेळचा. हिरव्या बांधणीचा."

इथे आमच्या पेशातली एक प्रथा सांगणे भाग आहे. प्राध्यापकाला ग्रंथालयातून एका वेळी दहा पुस्तके नेता येत. ही मर्यादा ज्याने घातली त्याने प्राध्यापक पाहिला नसावा, किंवा पुरता ओळखला असावा. माझ्याकडे त्या वर्षी त्रेचाळीस पुस्तके होती. दहा माझ्या नावावर, उरलेली विद्यार्थ्यांच्या कार्डांवर. वर्गात मी नुसते म्हणायचो, "अरे, कुणाचे कार्ड रिकामे आहे?" आणि आठ हात वर होत. ज्याच्या कार्डावर सर पुस्तक नेतात तो सरांचा खास, असा समज होता. तो समज दूर करण्याचे मला कधी सुचले नाही. जोतिरामचे कार्ड मी जून महिन्यातच घेतले होते. त्याने स्वतः त्या कार्डावर वर्षभरात एकही पुस्तक नेले नव्हते. नेणार कसे?

"ते मी दिवाळीतच परत केले असणार," मी म्हणालो. "उपळेकर बाईंनी नोंद खोडली नसेल. बघतो मी घरी."

"बाई म्हणाल्या, दुर्मीळ विभागातलं हाय. दुसरं आणून चालत न्हाई, किंमत भरूनबी चालत न्हाई. तेच पुस्तक पायजे."

"बघतो म्हटले ना."

"व्हय, सर."

ग्रंथपाल उपळेकर बाई नियमाला पक्क्या होत्या. त्यांच्या नोंदवहीत पुस्तक जोतिराम सुतारकडे होते. सुतारने ते कुणाच्या पिशवीत घातले याच्याशी नोंदवहीला कर्तव्य नव्हते. पुस्तक कुणी नेले ते त्या मुलाने त्यांना सांगितले नाही. बाईंनीही विचारले नाही, कारण त्यांना माहीत होते. आमच्या संस्थेत शिस्त होती ती अशी.

शुक्रवारी सकाळी तो फाटकापाशीच उभा होता. "सापडलं का, सर?"

"शोधतो आहे."

"मी येऊ का शोधायला? माळ्यावर बिळ्यावर असलं तर..."

"अरे, तीन हजार पुस्तकांत तू काय शोधणार?"

शुक्रवारी दुपारी तो पुन्हा आला. या वेळी त्याने काही विचारले नाही. नुसता दारात दिसला आणि मी मान हलवल्यावर गेला. शनिवारी ग्रंथालय बारा वाजता बंद होत असे. साडेअकरापासून तो ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसला होता, मांडीवर तो कागद, चारपैकी दोन चौकोन भरले होते एवढाच त्याला आधार. कार्यालय ग्रंथालयाच्या सहीशिवाय कागद हातात घेत नसे. मी त्याला इतिहास विभागाच्या खिडकीतून पाहत होतो. बारा वाजता उपळेकर बाईंनी कुलूप लावले, त्याच्याशी दोन शब्द बोलल्या आणि छत्रीची मूठ सावरत निघून गेल्या. जानेवारीतही त्या उन्हासाठी छत्री घेत.

रविवारची गोव्याची बस त्याला न घेता गेली. क्लबाने दोन दिवस वाट पाहिली असे पुढे कानावर आले, मग त्यांनी दुसरा मुलगा घेतला. मुले शंभर असतात, हे मीच सांगितले होते.

मंगळवारी तो वर्गात येऊन बसला. पहिल्या बाकावर नव्हे, शेवटच्या. मी तास संपल्यावर त्याला थांबवून म्हणालो, "जे होते ते चांगल्यासाठी होते, जोतिराम."

"व्हय, सर."

त्याने बीए केले. इतिहासात दुसरा वर्ग. पेठेच्या संघातून सात-आठ वर्षे खेळला, एका वर्षी त्याच्या पासवर झालेल्या गोलने चषकही आला म्हणतात. मी गेलो नव्हतो. मी त्या वेळी एका परिसंवादात 'क्रीडा आणि लोकसंस्कृती' या विषयावर बोलत होतो. माझा निबंध यथावकाश प्रसिद्ध झाला. तो तिघांनी वाचला: संपादकांनी, मुद्रितशोधकांनी आणि मी. त्यात सत्तेचाळिसावी तळटीप त्या हिरव्या अहवालातली आहे. ती आजवर कुणी तपासलेली नाही. आणि निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात, तालमी पैलवानांसाठी बांधल्या हे खरे, पण जे पैलवान नव्हते त्यांना बसायला जागा मिळाली हे जास्त खरे, असे एक वाक्य आहे. त्याला अवतरणचिन्हे नाहीत.

मागच्या वर्षी माझ्या निवृत्तीनंतर घरातल्या पुस्तकांच्या कपाटांना वाळवी लागली. जगातल्या सगळ्या वाचकांत तीच सर्वांत निष्ठावान. वसुधाने सुताराला बोलावले आणि दारात जोतिराम उभा राहिला. चाळिशीचा, अंगाने थोडा भरलेला, कानावर पेन्सिल, हातात मोजपट्टी. चपला त्याने उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या.

"सागवानात करूया की प्लायमध्ये, सर?"

"तू म्हणशील ते."

तो हसला. त्याने मागची फळी ठोकून पाहिली, आतला भुसा चिमटीत घेतला, वास घेतला. "पुस्तकं किती असतील?"

"तीन हजार."

"त्यात कॉलेजची किती?"

वसुधा स्वयंपाकघरात हसल्याचे मला स्पष्ट ऐकू आले.

"सकाळचं काय करतोस?" मी विषय बदलला.

"तालमीची बारकी पोरं घेतो मैदानावर. चाळीस हायत. दोन पोरीबी हायत, लई भारी खेळत्यात. एकीला औंदा बोलावणं आलंय बाहेरून."

"मग? जाणार?"

"गेली की. जूनमध्येच. पयल्याच दिवशी मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो, सर."

"डावा पाय वापरायची?"

"न्हाई. लायब्ररीचं कार्ड कुणाला द्यायचं न्हाई."

तो हे विनोदाने म्हणाला, आणि विनोद उत्तम होता. एकवीस वर्षे मी जे कुणाला सांगितले नव्हते ते मला त्या क्षणी सांगावेसे वाटले. का, ते ठाऊक नाही. कदाचित म्हातारपणी माणसाला क्षमाही तयार फर्निचरासारखी घरपोच हवी असते.

"जोतिराम, ते पुस्तक मला सापडले होते."

"हं," तो म्हणाला. तो फळीची रुंदी मोजत होता.

"ऐक. गुरुवारी संध्याकाळीच सापडले. वसुधाने टेबल पुसायला माझा कप उचलला, त्याच्या खाली होते. कपाचा गोल डागही पडला होता. ती म्हणाली, उद्या सकाळी आधी हे देऊन या. शुक्रवारी सकाळी तू फाटकात भेटलास ना, तेव्हा ते माझ्या पिशवीत होते. तू 'सापडलं का' म्हणालास आणि मी..." मी थांबलो. "दोन तळटिपा राहिल्या होत्या. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेले कारण. खरे कारण असे, की मी तुला 'निर्णय तुझा' म्हणालो होतो आणि तुझा निर्णय मला पसंत नव्हता. पुस्तक चार दिवस उशिरा गेले की कुणीच निर्णय घेतला नाही, असे झाले असते. झालेही. सोमवारी मी ते उपळेकर बाईंना नेऊन दिले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी रेघ मारली."

पट्टी सर्रकन आत गेली. जोतिरामने कानावरची पेन्सिल काढून फळीवर एक आकडा लिहिला.

"गुरुवारी न्हाई, सर," तो म्हणाला.

"काय?"

"मी बुधवारीच बगितलं होतं. आबांसंगं आलो तवा. हितंच," त्याने टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवले, "कपाखाली. हिरवं. मला म्हायती होतं लायब्ररीत आडणार ते."

"मग बोलला का नाहीस? समोर होते! नुसते बोट दाखवायचे होतेस!"

त्याने खरोखर आठवण्याचा प्रयत्न केला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आले असते.

"तुम्ही बोलत होता, सर."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"आणि गुरुवारी?" मी विचारले. "गुरुवारी तर तू पुस्तकासाठीच आला होतास."

"तेच सांगायला आलतो. की सर, तुमच्या टेबलावर हाय, मी पळत जाऊन घेऊन येतो, वहिनींकडनं. पण तुम्ही म्हणाला, 'कोणते?'" माझी प्रमाण भाषा त्याने हुबेहूब उचलली होती. "कालच कप ठिवलेला माणूस आज विचारतो, कोणतं. मग मला वाटलं, सरांनी ठरवलंय. जाऊ द्यायचं न्हाई असं. आणि सर ठरवत्यात ते विचार करूनच ठरवत असणार. एवढं वाचलंय."

"मी विसरलो होतो," मी म्हणालो. "गुरुवारी दुपारी मी खरोखर विसरलो होतो, जोतिराम. तोपर्यंत मी काहीही ठरवले नव्हते."

"असं व्हय?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला काहीतरी लागल्यासारखे दिसले. "विसरला होता?"

मग त्याने पट्टी पुन्हा ओढली, तिचे टोक माझ्या हातात दिले आणि स्वतः खोलीच्या दुसऱ्या भिंतीकडे गेला.

"हे धरा जरा, सर. हलवू नका."

मी धरले. मला बरेच काही बोलायचे होते. तो आकडा वाचत होता, म्हणून मी गप्प राहिलो.